तेवीसशे रुपयांचा कॉम्प्युटर आणि भाईंचा शेरा

गेल्या महिन्यात इथे एकाने रेडिओच्या लायसन्सची आठवण लिहिली होती. पोस्टात जाऊन रेडिओचे पैसे भरायचो, हे आजच्या मुलांना खोटं वाटतं. ते वाचून मला धीर आला. माझ्याकडेही एक यंत्राची गोष्ट आहे, आणि त्यात एका माणसाची गोष्ट आहे. आजवर ती कोणाला सांगितली नव्हती. जरा लांबलंय, सवडीने वाचा.

मी मूळचा सुर्ल्याचा, डिचोली तालुका. जन्म १९५०. पणजीच्या डेंपो कॉमर्स कॉलेजात बी.कॉम. झालो, १९७२ साली बँकेत क्लार्क म्हणून लागलो आणि २०१० साली ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. लेखक वगैरे नाही. आयुष्यभर लेजर आणि व्हाउचर लिहिले, त्यामुळे हेही तसंच लिहिलं जाईल, सांभाळून घ्या.

गेल्या चवथीच्या आधी माळा साफ करायला काढला. माटोळीचं लाकडी चौकट काढताना मागे एक पुठ्ठ्याचा खोका सापडला. नातू बारावीला आहे, त्याने उघडून विचारलं, "आजोबा, हा कॅल्क्युलेटर एवढा मोठा का?" मी म्हटलं, "बाबा, हा आपल्या घरातला पहिला कॉम्प्युटर." त्याचा विश्वास बसेना. काळा, वहीएवढा, रबराच्या करड्या बटणांचा आणि कोपऱ्यात इंद्रधनुष्याचे पट्टे. सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम, ४८ के.

आधी थोडा इतिहास सांगतो. हे यंत्र विलायतेत क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने एप्रिल १९८२ मध्ये बाजारात आणलं. तिकडे ४८ केची किंमत तेव्हा १७५ पौंड होती. कॉम्प्युटर म्हणजे खोलीभर कपाटं, असं समजण्याच्या त्या दिवसांत हा घरातल्या टीव्हीला आणि कॅसेट रेकॉर्डरला जोडून चालायचा. पडदा टीव्हीचा, साठवण कॅसेटवर. जगभरात पन्नास लाखांच्या वर विकला गेला. पुढे १९८६ मध्ये सिंक्लेअरने हा धंदा अॅमस्ट्रॅड कंपनीला विकला. त्याच सुमारास आपल्या पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम' या नावाने हे यंत्र भारतात काढलं.

आपल्याकडे तेव्हा राजीव गांधी आले होते. एकविसावं शतक, कॉम्प्युटर, हे शब्द रोज पेपरात असायचे. नोव्हेंबर १९८४ मध्ये नवं कॉम्प्युटर धोरण आलं, आणि काही निवडक शाळांत बीबीसी मायक्रो नावाची यंत्रं द्यायला सरकारने सुरुवात केली. पण सुर्ल्यासारख्या गावात कॉम्प्युटर म्हणजे सिनेमात लुकलुकणारे दिवे, एवढंच.

मी त्यावेळी म्हापशाच्या शाखेत होतो. सुर्ल्याहून साखळी, साखळीहून डिचोली, तिथून म्हापसा, असा रोजचा बसचा प्रवास. १९८७ चा फेब्रुवारी. राजभाषेचं आंदोलन नुकतंच निवळलं होतं, कायदा पास झाला होता, घटक राज्य व्हायला अजून तीन-चार महिने होते. बार्देशातला एक तारवटी आमचा खातेदार. बोटीवरून येताना त्याने १९८४ साली विलायतेच्या बंदरात हे यंत्र मुलासाठी घेतलं होतं. मुलगा दोन महिने खेळला आणि विसरला. काउंटरवर स्लिप भरता भरता तारवटी म्हणाला, "तुका जाय? आमगेर धूळ खाता." मी सहज किंमत विचारली. अडीच हजार म्हणाला, तेवीसशेला तोडलं.

तेवीसशे म्हणजे किती? माझ्या हातात पगार दोन हजाराच्या आसपास पडायचा. त्यावर्षी कुळागरातल्या सुपारीचे आलेले पैसे घराच्या कौलांसाठी बाजूला ठेवले होते. ते मी बायकोला न विचारता उचलले. शुक्रवारचा दिवस होता, म्हापशाचा बाजार. तिला वाटलं, मी पिशवीतून बाजार आणला. आतून हा निघाला. ती काही बोलली नाही, तेच वाईट. त्या पावसाळ्यात माजघरात तीन ठिकाणी बादल्या लावाव्या लागल्या. रात्री ठिबक ठिबक आवाज आला की ती एवढंच म्हणायची, "तुमचा कॉम्प्युटर मोजतोय."

आता कोणी विचारेल, बँकेतल्या क्लार्कला ही हौस का? याचं उत्तर हौस नव्हे, भीती.

माझी आई खाणीवर काम केलेली बाई. सुर्ला, पाळी, वेळगे हा सगळा खाणींचा पट्टा. दुसऱ्या महायुद्धानंतर इथलं लोहखनिज जपानला जाऊ लागलं. सुरुवातीला सगळं काम हातांनी. पुरुष पिकाशीने खणायचे आणि बायका डोक्यावर पांटली घेऊन माल वाहायच्या. मी कडेवर असताना आई पांटल्या वाहायची. मग १९५० च्या दशकातच शॉवेल आणि डंपर आले. आई सांगायची, "एका यंत्राने एका फेरीत आम्हां सगळ्यांचा दिवस उचलला." बायका घरी बसल्या. पण त्याच यंत्रामुळे माझ्या वडिलांना डंपरवर हेल्परचं काम मिळालं, आणि त्या पगारावर मी बी.कॉम. झालो. म्हणजे आमच्या एकाच घरात यंत्राने एकाच्या तोंडचा घास काढला आणि दुसऱ्याला दिला. दोन्ही खरं.

बँकेत तेव्हा हीच चर्चा. रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने १९८४ साली बँकांच्या यांत्रिकीकरणाचा अहवाल दिला होता. त्याआधी ८ सप्टेंबर १९८३ ला बँकांची संघटना आणि कर्मचारी युनियन यांच्यात करार झाला होता. यंत्रं येतील, पण मर्यादेत, असा त्याचा सारांश. आम्ही सगळे युनियनचे सभासद. गेट मीटिंगला घोषणा मीही दिल्या आहेत. पण मनात यायचं, ज्याच्या विरुद्ध ओरडतोय ते आपण पाहिलेलंसुद्धा नाही. वाघ वाघ म्हणतात तो निदान बघावा तरी. म्हणून घेतला.

घेतला खरा, पण सुरू होईना. ही सुरुवात कशी झाली ते जरा सविस्तर सांगतो, कारण आज असं जुनं यंत्र कोणाच्या हाती आलं तर तेच सगळं पुन्हा होतं.

पहिली अडचण टीव्हीची. आमच्याकडे देशी ब्लॅक अँड व्हाईट सेट होता. तारवट्याने दिलेली वायर अँटेनाच्या जागी लावली, प्लग घातला. पडद्यावर नुसत्या मुंग्या. दोन रात्री बटणं फिरवली. शेवटी साखळीच्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे नेला. त्याने यंत्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि निदान सांगितलं, "तुमचा सेट व्हीएचएफचा, दूरदर्शनपुरता. हे विलायती मशीन यूएचएफवर चॅनल छत्तीसला बोलतं. दोघांची भाषाच वेगळी." राजभाषेचा वाद आमच्या घरातसुद्धा पोचला म्हणायचा!

यूएचएफ असलेला सेट वाड्यावर एकच होता. शेजाऱ्यांचा मुलगा गल्फमध्ये होता, त्याने आणलेला कलर. शनिवारी रात्री यंत्र घेऊन तिकडे गेलो. बारीक चाक फिरवता फिरवता मुंग्या विरल्या, पडदा पांढरा झाला आणि खाली एक ओळ आली, कंपनीचं नाव आणि १९८२. बस, एवढंच. पण खोलीतले आम्ही आठ-दहा जण गप्प झालो. शेजारच्या आजीने हात जोडले, कशाला कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी रविवार. जानेवारीपासून रामायण लागत होतं, साडेनऊला. वाड्यावरची माणसं पाट टाकून बसली, उदबत्ती लावली, आणि सेटवर राम नाही, मुंग्या! दूरदर्शनचं बटणच मी आदल्या रात्री छत्तीसवर नेऊन ठेवलं होतं. माझ्या नावाने जो उद्धार झाला तो लिहिण्यासारखा नाही. पाच-सात मिनिटांत चित्र परत आणलं, पण त्या आजीने निकाल दिला, "आयतारा दिसा हें भूत घरात नाका." पुढे साखळीच्या त्याच कारागिराने यंत्र खोलून आतली चित्राची तार काढली, एका मोडक्या व्हिडिओ गेममधला व्हीएचएफचा डबा तिला जोडला, आणि आमच्या घरच्या सेटवर चित्र आलं. रंग गेले, करडं उरलं. पण घरातलं घरात झालं.

दुसरी अडचण बटणांची. मी टायपिंगची परीक्षा दिलेला माणूस, वाटलं हे तर आपलंच. पण याची बटणं मोजून चाळीस, आणि प्रत्येकावर चार-पाच कामं छापलेली. पी दाबला तर पी उमटत नाही, 'प्रिंट' हा अख्खा शब्द उमटतो. जे दाबलं तर 'लोड'. कर्सरच्या जागी के दिसला की शब्द येणार, एल दिसला की अक्षर येणार, हे कळायला मला आठवडा लागला. सोबत एक इंग्रजी पुस्तक होतं, तेच माझे गुरुजी.

तिसरी अडचण कॅसेटची. कॅसेटवर प्रोग्राम म्हणजे नुसता किंचाळणारा आवाज. रेकॉर्डरची वायर यंत्राच्या 'इअर'च्या भोकात घालायची, 'लोड' लिहून पुढे दोन अवतरणचिन्हं द्यायची, एंटर मारून टेप सुरू करायची. पडद्याच्या कडेला आधी जाड पट्टे हलतात, मग बारीक पट्टे धावू लागतात. आवाज कमी पडला तरी बिघडतं, जास्त झाला तरी बिघडतं. पाच मिनिटं श्वास रोखून बसायचं आणि शेवटी 'टेप लोडिंग एरर'. आमच्या रेकॉर्डरचा आवाज दोन तृतीयांशवर ठेवला की जमायचं, म्हणून तिथे मी लाल खूण केली होती.

चौथी अडचण विजेची. या यंत्राला बंद-चालू बटणच नाही, प्लग हाच स्विच. वीज गेली की आतलं सगळं पुसलं. सुर्ल्यात पावसाळ्यात वीज किती टिकायची ते तुम्हाला माहीत आहे. दोन तास टाईप केलेलं एका क्षणात गेलं आहे. मग सवय लावून घेतली. दर दहा ओळींनी कॅसेटवर साठवायचं. बँकेत पान संपलं की खाली 'पुढे नेले' लिहितो ना, तसं.

तारवट्याने दिलेल्या कॅसेटमध्ये एक खेळ होता, 'मॅनिक मायनर'. हेल्मेट घातलेला एक खाणकामगार, वीस गुहा, आणि हवा संपायच्या आत चाव्या गोळा करून बाहेर पडायचं. खाणीच्या गावात खाणकामगाराचा खेळ! वाड्यावरची पोरं पडवीत रांग लावायची. आई एकदा बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "खाणीत कोणी इतका धावत नाही. धावणारा पहिला मरतो." त्यानंतर तो खेळ मला कधी आवडला नाही.

मला हवं होतं ते व्याज. सेव्हिंग खात्याचं व्याज तेव्हा ५ टक्के. दर महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असेल ती धरायची. सहा महिन्यांच्या सहा रकमा, त्यांची बेरीज म्हणजे प्रॉडक्ट. त्याला पाचाने गुणून बाराशेने भागायचं. जून आणि डिसेंबरला हजारो खात्यांचं हे काम आम्ही हाताने करायचो, रात्री नऊ-दहापर्यंत. मी ते सहा ओळींत बसवलं. सहा वेळा रक्कम विचार, मिळवत जा, शेवटी गुणून भाग, उत्तर दाखव. पहिल्यांदा १०,००० ची बेरीज दिली तर उत्तर आलं ४१.६६६६६७. आम्हाला पैशापर्यंतच हवं, वर नको. शंभराने गुण, अर्धा मिळव, अपूर्णांक टाक, पुन्हा शंभराने भाग, ही युक्ती पुस्तकात सापडली. उत्तर आलं ४१.६७. त्या रात्री मला झोप आली नाही. बँकेचं लेजर घरी नेणं म्हणजे नोकरीवर पाणी, म्हणून तपासायला घरच्यांची पासबुकं घेतली. सगळी जुळली.

मग दुसरा प्रोग्राम केला, डिफरन्स शोधण्याचा. जुन्या बँकवाल्यांना माहीत असेल. बॅलन्सिंगला फरक आला आणि तो नऊने भागला गेला, तर कुठेतरी आकडे उलटे पडलेत, ५४० चे ४५० झालेत. फरकाच्या निम्मी रक्कम सापडली, तर नोंद उलट्या बाजूला गेलीय. हे मला यंत्राने शिकवलं नाही. मला ते शिकवलं भाईंनी. मी यंत्राला शिकवलं.

आता भाईंबद्दल. नाव लिहीत नाही. पेडण्याचे, राहायला म्हापशाला. आमच्या शाखेतले सेव्हिंग लेजरचे सर्वांत जुने माणूस आणि युनियनचे आधारस्तंभ. अक्षर मोत्यासारखं. मी नवा असताना त्यांनी मला हाताला धरून काम शिकवलं. माझ्या थोरल्या मुलीच्या बारशाला आले होते. त्यांचा मोठा भाऊ मुंबईला गिरणीत होता. जानेवारी १९८२ चा संप आठवतो ना? अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांची नोकरी परत आलीच नाही. तो भाऊ पेडण्याला परतला आणि अंगणात नुसता बसून राहायचा. भाईंच्या डोळ्यांसमोर रोज तो होता. त्यामुळे यंत्राला त्यांचा विरोध पुस्तकी नव्हता.

डिसेंबर १९८७ ची सहामाही. रात्री उशिरापर्यंत सगळे व्याज काढत बसलेले. कंटाळून मी एका सहकाऱ्याला बोलून गेलो, की माझ्या घरी हे काम एका मिनिटात होतं. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी भाई माझ्या टेबलापाशी आले. सगळ्यांसमोर विचारलं, "खरं की काय? घरात आणून ठेवलायस?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "बाहेर आमच्याबरोबर घोषणा देतोस आणि घरी त्याला दूध पाजतोस." आणि वळून गेले.

त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं ते माझ्याशी कामापलीकडे बोलले नाहीत. व्हाउचर द्यायचे, सही घ्यायचे, बस्स. दुसऱ्या मुलीच्या बारशाला बोलावलं, आले नाहीत. मलाही राग होता. मी कोणाची नोकरी घेतली होती? घरी पाटावर बसून बेरीज-भागाकार करत होतो. पण मनातून माहीत होतं, ते बोलले त्यात काहीतरी होतं. मी घोषणाही सोडल्या नव्हत्या आणि यंत्रही.

१९९० च्या पावसाळ्यानंतर शाखेत सर्क्युलर आलं, लेजर पोस्टिंग मशीन येणार. आम्ही त्याला एएलपीएम म्हणायचो. पोस्टिंग हाताने न करता मशीनवर करायचं, बॅलन्स मशीन काढणार. ट्रेनिंगच्या यादीत सेव्हिंगमधलं पहिलं नाव भाईंचं.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाच्या सुमारास आमच्या पडवीत भाई उभे. मला वाटलं, कोणी गेलं की काय. घाम पुसत म्हणाले, "घरी सांगून आलोय, साखळीला दत्ताच्या दर्शनाला जातो म्हणून. दर्शन घेतलं, खोटं नाही." मग थोडं थांबून हळूच म्हणाले, "माझ्या बोटांना हे टायपिंग माहीत नाही रे. तिकडे ट्रेनिंगला पंचवीस-पंचवीस वर्षांची पोरं असणार. चोपन्नाव्या वर्षी त्यांच्यासमोर माझी फजिती नको. शिकवशील? पण कोणाला सांगायचं नाही."

मी काय बोलणार? बायकोने चहा ठेवला. मी खोका काढला.

पहिल्या दिवशी त्यांनी एक बोट पुढे करून पी दाबला आणि 'प्रिंट' उमटलं तसा हात मागे घेतला. म्हणाले, "एक अक्षर दिलं, ह्याने शब्दच लिहून टाकला. कारकुनापेक्षा आगाऊ आहे." आम्ही दोघेही हसलो, तीन वर्षांनी. रामायण-महाभारत दोन्ही संपलेली, रविवारची सकाळ मोकळी असायची. सात रविवार ते आले. अक्षरं कुठे कुठे आहेत ते पाठ केलं. आकडे टाकायला शिकले. चुकलं तर एक अक्षर मागे कसं जायचं ते शिकले, आणि याचंच त्यांना सर्वांत नवल. म्हणाले, "आपल्या लेजरात खाडाखोड केली तर सही करावी लागते. इथे चूक केल्याचा पुरावाच राहत नाही. हे काही बरं नाही." मंडळी, पुढे वीस वर्षं मी कॉम्प्युटरवरच्या बँकेत काम केलं. कोणी, कधी, काय बदललं याची नोंद किती महत्त्वाची, हे मला नंतर ऑडिटवाल्यांनी सांगितलं. भाईंनी पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं.

माझा व्याजाचा प्रोग्राम त्यांना दाखवला. त्यांनी खिशातून कागद काढला आणि दहा खात्यांचं व्याज हाताने केलं, मग यंत्रावर केलं. दहाही जुळली. त्या भाषेत 'रेम' म्हणून एक शब्द आहे. त्याच्यापुढे काहीही लिहा, यंत्र ते वाचत नाही, फक्त माणसासाठी जपून ठेवतं. त्यांनी विचारलं, "म्हणजे शेऱ्याचा रकाना?" मी म्हटलं, तसंच. बँकेत एकाने लिहिलं की दुसऱ्याने तपासून सही करायची असते. ते म्हणाले, "मग तुझं हे काम बिनसहीचं आहे." एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, त्यांनी वर एक ओळ घातली. मी कॅसेटवर साठवलं.

ट्रेनिंगला त्यांची फजिती झाली नाही. उलट पोरांना त्यांनीच लेजर शिकवलं. मशीन आल्यावर पहिले काही महिने ते मशीनचा बॅलन्स हाताने तपासायचे, आणि कोणी हसलं तर म्हणायचे, "मी युनियनचा माणूस, यंत्रावर लक्ष ठेवतोय." १९९४ ला ते निवृत्त झाले. दहा वर्षांपूर्वी वारले. गेल्या महिन्यात त्यांच्या मुलीला फोन करून विचारलं, लिहू का? ती रडली आणि म्हणाली, लिहा, पण नाव नको. बाबांना आवडलं नसतं.

आता पुन्हा त्या खोक्याकडे. नातू लगेच प्लग घालायला निघाला, त्याला थांबवलं. पस्तीस वर्षं बंद असलेलं यंत्र थेट विजेला लावायचं नाही. साखळीच्या त्या कारागिराचा मुलगा आता मोबाईल दुरुस्त करतो. त्याच्याकडे नेलं. वडिलांनी लावलेला व्हीएचएफचा डबा बघून तो हसला, म्हणाला, "हें बाबाचें काम." त्याने आधी पॉवरचा ठोकळा मीटरने तपासला. या ठोकळ्याच्या पिनेत आतला खिळा ऋण असतो, हल्लीच्या बहुतेकांच्या उलट. दुसरा कुठला अॅडॉप्टर लावला तर यंत्र तिथेच संपतं, हे कोणाकडे असं यंत्र असेल तर लक्षात ठेवा. आतले सुकलेले कपॅसिटर बदलले. बटणांखालची प्लास्टिकची पट्टी पापडासारखी मोडली होती. ती आजही नवीन बनवतात, नातवाने परदेशातून मागवली. तो डबा काढून चित्राची तार थेट आजच्या टीव्हीच्या पिवळ्या भोकात दिली. रेकॉर्डरचा पट्टा वितळून डांबर झाला होता, तोही बदलला.

रंग परत आले. कॅसेटवर माझ्या अक्षरात 'व्याज' लिहिलेलं. लाल खुणेवर आवाज ठेवला, टेप लावली. एरर. पुन्हा लावली, एरर. कारागिराच्या मुलाने रेकॉर्डरच्या हेडचा बारीक स्क्रू अगदी केसभर फिरवला, आवाज मोकळा झाला. सहाव्यांदा पट्टे धावले आणि खाली 'ओके' आलं. नातवाने लिस्ट मागितली. माझ्या ओळींच्या वर, पाच नंबरची ओळ: रेम, चेक्ड अँड फाउंड करेक्ट, पुढे भाईंची आद्याक्षरं आणि तारीख, १८-११-९०.

नातू म्हणाला, "आजोबा, हे कोण?" मी लगेच काही बोललो नाही. बायको आतून म्हणाली, "सांगा आता. किती वर्षं झाली."

भाई चुकले होते का, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला. आमच्या शाखेतून यंत्रामुळे एकालाही काढलं नाही. पण भाई निवृत्त झाले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही. त्यांच्यानंतरचे गेले, त्या जागाही तशाच राहिल्या. मी लागलो तेव्हा शाखेत आम्ही चोवीस जण होतो. परवा पासबुक भरायला गेलो, सहा दिसले. ज्यांची नोकरी गेली ते गेट मीटिंगला नव्हतेच, ते तेव्हा शाळेत होते. आणि व्याज आता रोजच्या शिल्लकेवर मिळतं, ते हाताने शक्यच नव्हतं, हेही खरं. सुर्ल्यातही तेच पाहिलं. ज्या शॉवेलने आईचं काम नेलं ती शॉवेलसुद्धा २०१२ ला खाणी बंद झाल्यावर गंजत उभी राहिली, आणि ज्यांनी कर्ज काढून ट्रक घेतले होते त्यांचे हप्ते थकले. तेव्हा ते मला भेटायला यायचे, बँकवाला म्हणून. यंत्र आलं तेव्हाही माणूस रडला आणि थांबलं तेव्हाही माणूसच रडला.

यंत्र आता हॉलमध्ये ठेवलंय. कौलं १९८८ सालीच बदलली, हे बायकोच्या आग्रहावरून लिहितो आहे.

डिचोली-पेडण्यात कोणाच्या माळ्यावर असा तारवट्यांनी किंवा गल्फवाल्यांनी आणलेला कॉम्प्युटर पडलेला असेल तर इथे सांगा, टाकू नका. कॅसेटी तर मुळीच टाकू नका. त्यात कोणाचा शेरा असेल सांगता येत नाही. आणि हाताने लेजर लिहिलेली जुनी बँकेची मंडळी असाल तर तुमच्याही आठवणी येऊ द्या.